टाकी भरलेली, चेन कोरडी

मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला तो वादळ घेऊनच. आमचा द्राक्षाचा मळा नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या शिवारात. बांधावरची जुनी बाभूळ त्या रात्री मुळासकट उपटली आणि शेडपासून बागेत जाणाऱ्या रस्त्यावर आडवी झाली. एप्रिल छाटणी होऊन बाग फुटली होती, सबकेनचं, म्हणजे फुटीचा शेंडा खुडून तिच्यातून उपकाडी काढायचं, काम चालू होतं आणि फवारणीचा ट्रॅक्टर आत न्यायला तेवढा एकच रस्ता होता. गिरणाऱ्याच्या चौकात पहाटे मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूलकडची माणसं येतात. पण पाऊस तोंडावर आला की तीही आपापल्या पेरणीसाठी घराकडे वळतात, आणि जी उरतात ती फुटींच्या विरळणीला आधीच सांगून ठेवलेली असतात. कुऱ्हाडीनं बाभूळ फोडायला कोण येणार? नवरा अंबडला कंपनीत, पहिल्या पाळीला. म्हणून मी शेडमधला चेन सॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत, बाहेर काढला.

मशीन ५८ सीसीचं, २२ इंची पट्टीचं. पट्टी म्हणजे जिच्या कडेच्या खाचेतून दातेरी चेन फिरते ती. २०२१ मध्ये थॉमसन जातीच्या द्राक्षांची जुनी बाग काढली तेव्हा खोडं कापायला घेतलेलं. त्यानंतर वर्षातून एखाद-दोनदा बाहेर निघायचं, एरवी गोणपाटात गुंडाळलेलं. मी ते चालवायला त्याच वेळी शिकले. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मापून मिसळलं, दुसऱ्या टाकीत तेल भरलं, चेनच्या प्रत्येक दाताला गोल कानस मारली, आणि सकाळी आठला कामाला लागले.

फांद्या झरझर निघाल्या. बुंध्याला पट्टी लावली तेव्हा मात्र पाचेक मिनिटांत कापातून पांढुरका धूर यायला लागला. आधी वाटलं, धार गेली. पण धार गेली की बारीक पीठ पडतं, आणि इथे तर चांगल्या चिपा पडत होत्या. वास मात्र लाकडाचा नव्हता, तापलेल्या लोखंडाचा होता. चेन सैल होऊन पट्टीखाली लोंबायला लागली, तशी मी मशीन बंद करून ती तिथल्या तिथे ताणली आणि पुन्हा चालवली. थोड्या वेळानं पेट्रोल संपलं. भरायला बसले, पेट्रोलचं टोपण उघडलं, मग तेलाचं उघडलं, आणि तशीच थांबले. तेल काठोकाठ होतं. सकाळी भरलं होतं तेवढंच.

ज्यांनी हे मशीन वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगते. याला दोन टाक्या असतात. एकीतलं पेट्रोल इंजिनाला जातं, दुसरीतलं तेल पट्टीवर येतं. आमच्या मशीनला पेट्रोल साधारण ५५० मिलिलिटर मावतं आणि तेल २६० च्या आसपास. ही मापं विचार करून ठरवलेली असतात. एक टाकी पेट्रोल जळेस्तोवर तेलाची टाकीही जवळजवळ रिकामी झाली पाहिजे. चेन पट्टीच्या खाचेतून सेकंदाला वीसेक मीटरच्या वेगानं घसरत असते आणि दोन लोखंडांच्या मध्ये या तेलाच्या थराशिवाय दुसरं काही नसतं. पेट्रोल संपलं आणि तेल तसंच, याचा अर्थ मी अर्धा तास लोखंडावर लोखंड घासत होते. पट्टीच्या खालच्या कडेला हातभर लांबीचा निळा डाग पडला होता.

मशीन घेऊन घरी आले. माझे सासरे, नाना, सातपूरला एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला फिटर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. चालता-बोलता येतं, पण उजव्या हाताची पकड गेली. तेव्हापासून घरातली पाना-पक्कड माझ्याकडे आली आहे. ते पडवीत खुर्ची टाकून बसतात, सांगतात, मी करते. सुरुवातीला त्यांना हे फार जड गेलं. हात पुढे व्हायचा आणि अर्ध्यावरून मागे घ्यायचे. आता आमची लय बसली आहे.

मी मशीन फरशीवर ठेवलं. चेन फिरवून बघायला गेले तर ती हलेना, पट्टीला चावून बसलेली.

"गरम असताना ताणलीस?" नानांनी विचारलं.

"हो."

"मग आता थंड होऊन आखडली. आधी सैल कर, नाहीतर क्रँकवर ताण राहील. आणि हात घालायच्या आधी प्लगची टोपी काढ."

तापलेली चेन लांबते. तशीच ताणली तर निवल्यावर ती पट्टी आणि इंजिनाचा दांडा दोन्ही ओढून धरते. कापायला बसताना ताण बघायचा तो थंड चेनचा, आणि मध्ये गरम असताना ताणावीच लागली तर काम संपल्यावर ढिली करून ठेवायची. हे मला माहीत नव्हतं आणि त्यामुळे काही बिघडलं नाही हे नशीब.

"तेल का येत नाही ते नंतर," नाना म्हणाले. "आधी कुठपर्यंत येतं ते शोध."

दोन नट सोडून बाजूचं झाकण काढलं. आत बाभळीचा भुसा आणि तेल यांचा घट्ट चोथा भरला होता, खरवडून काढावा लागला. चेन उतरवली, हातमोजे घालूनच, कारण बंद मशीनची चेनही बोट कापते. पट्टी काढली. पट्टीच्या मागच्या टोकाला, जिथे ती मशीनवर बसते, तिथे एक बारीक भोक असतं. मशीनच्या अंगावर एक चीर असते, तीतून तेल त्या भोकात येतं आणि भोकातून खाचेत. पट्टी उलटून लावता यावी म्हणून भोकं दोन्ही कडांना असतात. माझ्या पट्टीची दोन्ही भोकं बुजलेली. तांब्याच्या तारेनं ती मोकळी केली. खाचेतला मळ काढायला नानांनी हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा वापरायला सांगितला, जाडी बरोब्बर बसते. ब्लेड ओढत नेलं तसा काळा कडक मळ डांबराच्या काड्यांसारखा निघत गेला. मग पट्टी डिझेलनं धुतली, कडांना आलेली बारीक धार सपाट कानशीनं घालवली आणि निळी पडलेली कड वर येईल अशी ती उलटून लावली. मशीनवरची चीर जुन्या टूथब्रशनं घासून पुसली.

बहुतेकांचं दुखणं इथेच संपतं. मलाही वाटलं की संपलं.

तपासायची रीत सोपी आहे. मशीन चालू करायचं, पट्टीचं टोक कागदापासून वीतभर वर धरायचं आणि पंधराएक सेकंद अर्ध्या रेसवर चालवायचं. तेल येत असेल तर कागदावर शिंतोड्यांची रेघ उमटते. निर्यातीच्या मालाचे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून थंडीत आम्ही घडांना कागद लावतो. त्यातला उरलेला गठ्ठा पडवीतच होता. एक कागद अंगणात दगडाखाली दाबून ठेवला. पंधरा सेकंद चालवलं, मग तीस. कागदावर थोडी धूळ उडाली. रेघ नाही.

म्हणजे अडलं होतं ते पट्टीच्या मागे, मशीनच्या आत. आता पट्टी आणि चेन काढून नुसतं मशीन चालवून बघायचं होतं, चिरेतून तेल बाहेर येतं का ते. हे करताना झाकण नसतं आणि क्लचचा ड्रम उघडा फिरतो. नानांनी मला ओढणी काढून ठेवायला लावली, केस बांधायला लावले आणि स्वतः खुर्ची मागे घेतली. मी मशीन जमिनीवर पायानं दाबून धरलं. चिरेत एक बुडबुडा आला, फुटला, आणि पुढे काही नाही.

"तेलाचं टोपण अर्धं सैल कर."

टोपण सैल केलं तेव्हा फुस्स असा आवाज झाला, हवा आत ओढल्याचा. पुन्हा चालवलं तर चिरेतून तेलाचा थेंब आला, त्याच्यामागून दुसरा. मला इतका आनंद झाला की मी मशीन बंद न करता बघतच राहिले.

याचं कारण असं. टाकीतून तेल उपसलं गेलं की तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीच्या अंगावर, पट्टी बसते त्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढी एक झडप असते. हवा आत येऊ देते, तेल बाहेर जाऊ देत नाही. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला तेल ओढता येत नाही. झडप भुशानं पार लिंपली होती. टाचणी घालायची नाही, रबराचं तोंड फाटतं. आधी मऊ ब्रशनं साफ केली, मग डिझेलचा थेंब सोडला आणि सायकलच्या पंपानं बाहेरून हलका वारा मारला. पट्टी लावली, कागद धरला, आणि फिकट का होईना, रेघ आली. रात्री नवऱ्याला कागद दाखवला. उद्या दुपारपर्यंत रस्ता मोकळा करून देते, असं मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं कापलं आणि परत तोच वास.

त्या वेळी मी बुंध्यावर बसले होते आणि मला ठिबक आठवलं. बागेत एखाद्या ओळीला पाणी कमी पडतं तेव्हा नवा माणूस ड्रिपरला सुई टोचत बसतो. ड्रिपर मोकळा होतो, पाणी येतं, दोन दिवसांनी पुन्हा बंद. कारण घाण ड्रिपरमध्ये तयार होत नाही, ती वरून येते. फिल्टर भरलेला असतो, सबमेनच्या पाइपात गाळ साचलेला असतो, आणि लॅटरलचं, म्हणजे ओळीतल्या नळीचं, शेवटचं टोक उघडून लाईन फ्लश केल्याशिवाय सुई टोचण्याला अर्थ नसतो. बागेत हे मी दर आठवड्याला करते. आणि इथे काल दिवसभर मी सुईच टोचत होते. कुठे अडलंय ते टोकाकडून शोधावं हे नानांचं बरोबर. पण साफ करायचं ते टाकीपासून.

टाकी उघडली, तेल एका पांढऱ्या भांड्यात ओतलं. ओतलं तेव्हाच कळायला हवं ते कळलं. तेल काळंकुट्ट होतं आणि भांड्याच्या तळाशी बोट फिरवलं तर रवाळ लागलं.

हे तेल मीच भरलं होतं. ट्रॅक्टरचं ऑइल बदललं की निघालेलं जळकं ऑइल आम्ही शेडमध्ये एका डब्यात ठेवतो आणि चेन सॉमध्ये तेच घालतो. आमच्याच घरी नाही, शिवारात बहुतेक जण हेच करतात. उडूनच जायचं तेल, त्यात पैसे कशाला घालायचे, असा हिशेब. पण इंजिनात शंभर-दोनशे तास उकळलेल्या त्या तेलात काजळी असते, झिजलेल्या धातूचा बारीक चुरा असतो. नव्या तेलाचा चिकटपणा त्यात उरत नाही, त्यामुळे पट्टीच्या टोकाला वळतानाच ते भिरकावलं जातं. आणि मशीन वर्षभर पडून राहिलं की काजळी खाली बसते, तेलाचा उडून जाण्यासारखा भाग जातो आणि मागे काकवीसारखी चिकट राब राहते. शिवाय ते तेल कापताना हातावर, तोंडावर उडत असतं, आणि जळकं ऑइल कातडीला सतत लागणं चांगलं नाही. बाभळीचा भुसा मी वेलींच्या बुडाशी आच्छादनाला टाकते. निर्यातीच्या बागेत प्रत्येक फवारणीचा हिशेब ठेवणारी मी, हे तेल भुशाबरोबर बागेत जातं हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

टाकीत तारेचा आकडा घालून आतली नळी बाहेर ओढली. तिच्या टोकाला फेल्टची गाळणी असते, करंगळीच्या पेराएवढी. ती दगडासारखी झाली होती. तोंडाला लावून फुंकर मारायचा मोह झाला, पण सायकलच्या पंपानंच हवा सोडून बघितली. काही पार होईना. पेट्रोलमध्ये तीन वेळा खळबळून धुतली, तिन्ही वेळा पेट्रोल काळं झालं. नळी मात्र पेट्रोलमध्ये भिजत ठेवू नये, रबर फुगतं. ती नुसती पुसली आणि कुठे चीर पडली आहे का ते वाकवून बघितलं. नळीला भेग असली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि गाळणी कितीही साफ केली तरी उपयोग नाही. आमची शाबूत होती.

आता पंप राहिला. तो क्लचच्या मागे असतो आणि क्लच काढायचा म्हणजे खरं काम.

नाना खुर्ची सोडून खाली, माझ्या शेजारी पाटावर येऊन बसले. क्लचला उलटे आटे असतात हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. नेहमीचा नट डावीकडे फिरवून सुटतो. हा उजवीकडे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून सुटतो. आमच्या क्लचवर सुटण्याच्या दिशेचा बाण कोरलेला होता, पण मळाखाली झाकलेला. हे न कळून लोक जोर लावत राहतात आणि आट्यांचा चुरा करतात.

पण क्लच फिरवायला गेलं तर सगळं इंजिनच फिरतं. ते अडवायचं कसं? काही जण प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन अडवतात. नानांनी त्यांच्या नोकरीत असे भोक पडलेले पिस्टन पाहिले होते, म्हणून आम्ही दोरी वापरली. प्लग काढला. बॅटरीचा उजेड भोकातून आत टाकला आणि क्लच हातानं हळूहळू फिरवत पिस्टन वर येताना बघितला. धूर बाहेर जाण्याचं जे भोक सिलिंडरच्या भिंतीत असतं ते पिस्टननं पूर्ण झाकलं पाहिजे, नाहीतर दोरी त्या भोकात शिरून कडेवर कापली जाते. ते झाकलं गेल्यावर नायलॉनची स्वच्छ दोरी, दोनेक हात, भोकातून आत सरकवली आणि शेवटाला गाठ मारून टोक बाहेर ठेवलं. आता पिस्टन वर येऊ लागला की दोरीच्या गादीवर टेकतो आणि थांबतो. मऊ अडसर, काही ओरखडत नाही.

पाना लावला. उजवीकडे जोर दिला. दोरीवर पिस्टन टेकल्याचं हाताला जाणवलं आणि पुढे काही होईना. पान्याला हातभर पाईप जोडला. नानांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला, जोर द्यायला नाही, दिशा बरोबर आहे याची खात्री करायला. कट्ट असा आवाज आला आणि क्लच सुटला.

क्लच, मग ड्रम, त्यातलं सुयांचं बेअरिंग, आणि त्याच्या मागे दांड्यावर बसलेला प्लॅस्टिकचा वर्म गिअर. हे म्हणजे एक मळसूत्र. इंजिनाचा दांडा फिरतो तसं ते पंपाच्या दट्ट्याच्या दातांना सरकवत नेतं. दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो, दट्ट्या मात्र सावकाश फिरतो, आणि फिरता फिरता मागे-पुढे होऊन तेल पुढे ढकलतो. दोन स्क्रू काढून पंप हातात घेतला. दट्ट्या बोटानं फिरवून बघितला. ढिम्म हलेना. आणि वर्म गिअरचे आटे एका बाजूनं खरवडून सपाट झाले होते, खोबणीत प्लॅस्टिकचा पांढरा चुरा साचलेला.

मग सगळी साखळी डोळ्यांसमोर आली. राब गाळणीत अडकली, गाळणीतून निसटलेली पंपात जाऊन बसली, दट्ट्या जड झाला, आणि न हलणाऱ्या दट्ट्यावर इंजिन आपला वर्म गिअर घासत राहिलं. काल जी फिकट रेघ आली होती ती शेवटच्या धडपडीतली. मी भोकं साफ करून खूश झाले नसते तर कदाचित हा गिअर वाचला असता.

पंप अर्धा तास पेट्रोलच्या वाटीत बुडवून ठेवला. जोर लावायचा नाही, पक्कड लावायची नाही, हे नानांनी बजावलं. अर्ध्या तासानं दट्ट्या किंचित हलला, मग थोडा फिरला, मग बोटाच्या टोकानं मोकळा फिरायला लागला. त्याच्यावर ओरखडे नव्हते.

वर्म गिअर रुमालात बांधून मी गंगापूर रोडनं शहरात गेले. दुकानात काउंटरवर आलेल्या पोरानं बघताच एक काढून दिला. मी दोन्ही शेजारी धरले: रंग तोच, उंची तीच, पण मधलं भोक मोठं. दुसरा आणला, त्याच्या आट्यांचा तिरपेपणा वेगळा. तिसरा जुळला. मशीनं सारखी दिसतात, सुटे भाग सारखे नसतात. जुना भाग बरोबर नेला नसता तर दोन खेपा झाल्या असत्या. दीडशेच्या आत काम झालं. गाळणीही नवी घेतली, कारण फेल्ट धुऊन मऊ झालं तरी आतून काळंच होतं. आणि पट्टीच्या तेलाचा एक डबा घेतला. त्या तेलाचा थेंब दोन बोटांत धरून बोटं फाकवली की मधासारखी तार येते. चेनला धरून राहायला ते असंच लागतं. ते मिळालं नाही तर नवं, न वापरलेलं इंजिन ऑइल चालेल असं नानांचं मत. पण जळकं पुन्हा नाही, यावर आमच्या दोघांचं एकमत झालं.

टाकी डिझेलनं दोनदा खळबळून घेतली. शेवटचं डिझेल पांढऱ्या भांड्यात स्वच्छ निघाल्यावरच पुढे गेलो. जोडणी फार वेळ खात नाही, फक्त क्रम चुकता कामा नये. पंप, वर्म गिअर, बेअरिंगला ग्रीस, ड्रम, क्लच. क्लच डावीकडे फिरवून बसवायचा आणि आवळायला फार जोर करायचा नाही, इंजिन चालताना तो आपोआप घट्ट होतो. दोरी बाहेर काढल्याशिवाय प्लग लावायचा नाही, हे मी मोठ्यानं म्हणून मग दोरी काढली.

कोरडा पंप स्वतःहून तेल ओढायला वेळ घेतो. म्हणून गाळणी लावायच्या आधी गाईच्या इंजेक्शनची सुई काढलेली सिरिंज नळीला लावून तेल आत ढकललं, दोन सिरिंज भरून. मग टाकी भरली, टोपण घट्ट लावलं, पट्टी न लावताच मशीन चालू केलं. चाळीसएक सेकंद काही नाही. मी नानांकडे बघितलं. ते चिरेकडे बघत होते. मग चीर भरली, तेल ओघळून खाली आलं आणि येतच राहिलं. टोपण घट्टच होतं.

मशीनच्या बुडाला तेल कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो. आमचा तो कधी कुणी हात न लावलेला, मळात रुतलेला होता. पट्टी २२ इंची आणि लाकूड बाभळीचं, तेही जुनं, गाभा लालबुंद झालेलं. म्हणून स्क्रू मधल्या खुणेच्या पुढे नेऊन ठेवला. पट्टी, चेन, झाकण लावलं. चेन थंडच होती. वर ओढल्यावर जेमतेम उचलेल आणि हातानं सहज फिरेल इतकी ताणली.

कागद ठेवला. अर्धी रेस, दहा सेकंद. कागदावर रेघ आली, टिपक्यांची, दोन बोटं रुंद, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी कागद उचलून नानांना दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताचं बोट, ज्याला फारसं काही जाणवत नाही, त्या रेघेवरून हळूहळू फिरवलं. मग बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

"चल," म्हणाले. "मीपण येतो."

त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून बांधापर्यंत नेलं. ते शेडच्या सावलीत बसले, मी गमबूट आणि गॉगल चढवून बुंध्याला भिडले. धूर नाही, वास नाही. कापाच्या दोन्ही बाजूंना ओलसर चिपांचा ढीग पडत गेला. मध्ये दोनदा थांबून पट्टीला हात लावून बघितला, कोमट होती. चारच्या सुमाराला शेवटचा ओंडका सुटला, गडी लावून रस्त्याच्या कडेला ढकलला, आणि साडेचारला फवारणीचा ट्रॅक्टर आत गेला.

निळी झालेली ती पट्टी अजून चालते, पण त्या कडेचा टणकपणा गेला आहे आणि ती लवकर झिजणार हे दिसतं. पावसाळ्यानंतर नवी घ्यावी लागेल. मशीन रात्रभर ठेवलं की खाली तेलाचे दोन-चार थेंब पडलेले असतात. त्याला मी आधी घाबरले, पण एवढं झिरपणं चालतं. खाली पुठ्ठा ठेवते. काम झाल्यावर झाकण उघडून ब्रश मारणं आणि झडपेवरचा भुसा पुसणं आता सवयीचं झालं आहे, पाच मिनिटं लागतात. जळक्या ऑइलचा डबा शेडमध्येच आहे, त्याच्यावर मी खडूनं "लाकडी खांबांसाठी" असं लिहून ठेवलं आहे, वाळवीला.

त्या दिवशी ट्रॅक्टर आत गेल्यावर मी ओंडक्यांचे आणखी तुकडे करत बसले होते, जळणाला होतील असे. पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडलं. तेलाचं टोपण उघडलं आणि आत बघितलं.

"किती उरलं?" शेडमधून नानांनी विचारलं.

"बोटभर."

"मग दोन्ही भर."